विश्लेषण : घरातली जुनी पुस्तके ग्रंथालय सरसकट का घेत नाही?

शहरांत जुन्या इमारतींचा पुनर्विकास सुरू आहे. घरे रिकामी होत आहेत आणि त्यांच्याबरोबर पुस्तकांची कपाटेही. आजोबांनी किंवा वडिलांनी चाळीस-पन्नास वर्षे जमवलेली पुस्तके नव्या फ्लॅटमध्ये मावत नाहीत. ती रद्दीत घालायला मन धजत नाही. मग जवळच्या वाचनालयात फोन केला जातो. पलीकडून बहुतेक वेळा एकच उत्तर येते, ‘आधी यादी पाठवा, मग बघू.’

देणाऱ्याला हे उत्तर लागते. पुस्तके फुकट द्यायला निघालो, तरी अटी कसल्या? दुसरीकडे ग्रंथालयाच्या दारात रात्रीतून कुणीतरी टाकून गेलेली खोकी, त्यात वीस वर्षांपूर्वीची गाइडे, वाळवीने खाल्लेल्या कादंबऱ्या आणि लग्नपत्रिकाही निघतात. दोन्ही बाजूंची अडचण खरी आहे. सार्वजनिक ग्रंथालयात देणगीचे नेमके काय होते, ती घेताना काय पाहिले जाते आणि देणाऱ्याने कोणती काळजी घ्यायला हवी, याचा हा आढावा.

ग्रंथालये देणगीवरच उभी राहिली ना?

होय, महाराष्ट्रातील सार्वजनिक ग्रंथालय चळवळीचा पायाच लोकांच्या देणग्यांवर घातला गेला. विनायक लक्ष्मण भावे यांच्या पुढाकाराने १८९३ मध्ये ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय सुरू झाले. १८९८ मध्ये मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन झाले. मराठीत छापलेले पुस्तक कुठे तरी जपले जावे, या भावनेने लोकांनी पुस्तके दिली, वर्गणी दिली, वेळ दिला. गावोगावच्या ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’ आणि नगर वाचनालये यांचाही इतिहास असाच आहे.

मोठ्या देणग्यांची उदाहरणेही मुंबईतच आहेत. काळा घोडा परिसरातील डेव्हिड ससून ग्रंथालयाची इमारत १८७० मध्ये पूर्ण झाली. तिच्यासाठी ससून यांनी ६० हजार रुपये दिले होते आणि उरलेला खर्च मुंबई सरकारने उचलला. एशियाटिक सोसायटीकडे असलेले दान्तेच्या ‘डिव्हाइन कॉमेडी’चे जुने हस्तलिखित माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी दिल्याचे सांगितले जाते. डॉ. भाऊ दाजी लाड आणि पंडित भगवानलाल इंद्रजी यांच्या नावाचे हस्तलिखितांचे संग्रहही तिथे आहेत.

पण तो काळ पुस्तकांच्या टंचाईचा होता. गावात शंभर पुस्तके असणे ही मोठी गोष्ट होती. जे मिळेल ते ठेवून घेणे शहाणपणाचे होते. आज टंचाई पुस्तकांची नाही. ती जागेची आहे आणि पुस्तकांची निगा राखणाऱ्या हातांची आहे. म्हणून देणगी घेण्याची पद्धतही बदलली.

फुकट मिळालेले पुस्तक खरेच फुकट असते का?

नाही. साधा हिशेब मांडला तरी हे लक्षात येते. तीन फुटांच्या फळीवर साधारण ३० पुस्तके बसतात. पाच फळ्यांच्या कपाटात १५०. म्हणजे एखाद्या घरातून दोन हजार पुस्तके आली, तर १३ ते १४ कपाटे लागतात. पुस्तकाचे सरासरी वजन ४०० ग्रॅम धरले, तर हा भार ८०० किलोंचा होतो. जुन्या लाकडी तुळयांच्या इमारतीत वरच्या मजल्यावर चालणाऱ्या वाचनालयाला हा भार कुठे ठेवायचा, हाच पहिला प्रश्न असतो.

त्यापुढे प्रत्येक पुस्तक झटकायचे, तपासायचे, नोंदवायचे, त्याला विषयानुसार क्रमांक द्यायचा, शिक्के मारायचे, पाठीवर चिठ्ठी लावायची, संगणकावर माहिती भरायची, गरज असेल तर बांधणी करायची. एका पुस्तकाला पंधरा मिनिटे धरली, तर दोन हजार पुस्तकांना ५०० तास लागतात. रोज आठ तास याप्रमाणे एका माणसाचे हे दोन महिन्यांहून अधिक काम आहे. अनेक लहान वाचनालयांत ग्रंथपाल हाच लिपिक असतो, तोच शिपाई आणि वर्गणी गोळा करणाराही तोच.

राज्यात शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयांची संख्या ११ हजारांच्या घरात आहे. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमाखाली त्यांना मान्यता मिळते आणि ‘अ’, ‘ब’, ‘क’, ‘ड’ अशा वर्गवारीनुसार अनुदान मिळते. या अनुदानातूनच पगार, पुस्तके, वर्तमानपत्रे, वीजबिल आणि भाडे भागवायचे असते. दान आलेल्या पुस्तकांच्या देखभालीसाठी वेगळा पैसा सहसा कुणी देत नाही. त्यामुळे पुस्तक फुकट असले, तरी ते सांभाळण्याचा खर्च ग्रंथालयाच्याच माथी येतो.

पुस्तक ग्रंथालयात ‘दाखल’ कसे होते?

ग्रंथालयाच्या कारभारात एक शब्द महत्त्वाचा आहे, तो म्हणजे ‘दाखल’. विकत घेतलेले असो वा दान आलेले, पुस्तक संग्रहात आले की त्याची दाखल नोंदवहीत नोंद होते. या वहीत तारीख, दाखल क्रमांक, लेखक, शीर्षक, प्रकाशक, प्रकाशन वर्ष, पृष्ठे, किंमत आणि पुस्तक कुठून मिळाले याचे रकाने असतात. दान आलेल्या पुस्तकासमोर विक्रेत्याऐवजी देणगीदाराचे नाव किंवा ‘देणगी’ असा शब्द येतो. काही ग्रंथालये देणगीच्या पुस्तकांची वेगळी वही ठेवतात.

त्याआधी छाननी होते. साधारण क्रम असा असतो : देणगीदाराकडून यादी किंवा कपाटांचे फोटो घेतले जातात. हे पुस्तक आपल्याकडे आहे का, असल्यास किती प्रती आहेत आणि त्या किती वेळा बाहेर जातात, हे तपासले जाते. मग शक्य असेल तर ग्रंथपाल किंवा कार्यकारी मंडळातील कुणी घरी जाऊन पुस्तके पाहतो. निवडलेली पुस्तके आली की ती काही दिवस इतर संग्रहापासून वेगळी ठेवली जातात. नंतर पोच आणि आभारपत्र दिले जाते आणि शेवटी नोंद होते.

पुस्तके वेगळी ठेवण्यामागे कारण आहे. वाळवी, कसर आणि बुरशी या तीन गोष्टी एका खोक्यातून येऊन सगळ्या कपाटांत पसरू शकतात. कोकण, मुंबई, गोवा अशा दमट हवेच्या पट्ट्यात हा धोका अधिक. पावसाळ्यात पोटमाळ्यावर राहिलेल्या पुस्तकांना कुबट वास येत असेल, तर ग्रंथपाल ती आत घ्यायला तयार होत नाही. यामागे देणाऱ्याचा अपमान करण्याचा हेतू नसतो. आतल्या हजारो पुस्तकांची जबाबदारी त्याच्यावर असते.

एकदा आत आलेले पुस्तक बाहेर काढणे अवघड का?

इथेच या विषयाची खरी मेख आहे. दाखल क्रमांक पडला की पुस्तक संस्थेची मालमत्ता होते. बहुतेक सार्वजनिक ग्रंथालये संस्था म्हणून आणि सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली असतात. त्यांचे हिशेब तपासले जातात, ग्रंथालय विभागाकडून तपासणी होते, पुस्तकांची पडताळणी करावी लागते. वहीत पुस्तक आहे आणि कपाटात नाही, तर उत्तर ग्रंथपालाला द्यावे लागते.

फाटलेले, कालबाह्य किंवा वर्षानुवर्षे कुणी न मागितलेले पुस्तक बाद करता येते. पण त्यासाठी यादी करावी लागते, कार्यकारी मंडळापुढे ठेवावी लागते, ठराव करावा लागतो आणि वहीत तशी नोंद घ्यावी लागते. या प्रक्रियेला निर्लेखन म्हणतात. अनेक ठिकाणी ते वर्षानुवर्षे होतच नाही. कारण पुस्तक बाद करणे म्हणजे पाप, अशी आपल्याकडची भावना. त्यातून ‘ग्रंथालयाने पुस्तके रद्दीत विकली’ अशी बातमी होण्याची भीती. परिणामी नको असलेली पुस्तके जागा अडवून बसतात आणि नव्या पुस्तकांना कपाट मिळत नाही.

याला आणखी एक पदर आहे. ग्रंथालयाचा वर्ग ठरवताना ग्रंथसंख्या हाही निकष असतो. त्यामुळे दान आलेली पुस्तके न चाळता नोंदवून आकडा फुगवण्याचा मोह होऊ शकतो. २०१२ मध्ये राज्यभर ग्रंथालयांची पडताळणी झाली, तेव्हा केवळ कागदावर चालणारी ग्रंथालयेही उघडकीस आली होती. आकड्यासाठी घेतलेले पुस्तक वाचकाच्या कामाचे नसते आणि देणाऱ्याच्या भावनेचाही त्यात मान राखला जात नाही.

भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत मांडले. ग्रंथ हे उपयोगासाठी आहेत, हा त्यातला पहिला, तर ग्रंथालय ही वाढणारी संस्था आहे, हा पाचवा. वाढणे म्हणजे नुसते साठणे नव्हे. झाडाची छाटणी करावी लागते, तशी संग्रहाचीही करावी लागते. म्हणून जाणते ग्रंथपाल पुस्तक दारातच पारखून घेतात.

कोणती पुस्तके सहसा नाकारली जातात?

पहिला क्रमांक कालबाह्य पुस्तकांचा. शालेय पाठ्यपुस्तके आणि गाइडे अभ्यासक्रम बदलला की निरुपयोगी होतात. स्पर्धा परीक्षांची पुस्तके परीक्षेचा आराखडा बदलला की मागे पडतात. कायद्याच्या पुस्तकांचे तर ताजे उदाहरण आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. त्याआधीचे कलमांचे मार्गदर्शक पुस्तक सामान्य वाचकाच्या हाती दिले, तर ते त्याची दिशाभूल करील. जुनी वैद्यकीय माहितीची, करविषयक आणि संगणकाची पुस्तकेही याच गटातली.

दुसरा गट जास्तीच्या प्रतींचा. लोकप्रिय कादंबऱ्या आणि चरित्रे जवळजवळ प्रत्येक घरातून येतात. ग्रंथालयात आधीच चार प्रती असतील, तर पाचवी कपाटात नुसती उभी राहते. तिसरा गट सुट्या खंडांचा. विश्वकोशाचे किंवा ज्ञानकोशाचे मधलेच दोन-तीन खंड आले, तर त्यांचा उपयोग मर्यादित. त्यातच मराठी विश्वकोश आता मोबाइलवरही वाचता येतो.

चौथा गट झेरॉक्स प्रती, अनधिकृत छपाईची पुस्तके आणि पेन ड्राइव्हमधून दिलेल्या पीडीएफचा. स्वामित्वहक्काचा प्रश्न असल्याने ग्रंथालयाने या घेऊ नयेत. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत त्याच्या लेखनावर स्वामित्वहक्क राहतो. छापील पुस्तकाची स्वतःची प्रत दान करायला मात्र कायद्याची काहीच आडकाठी नाही.

मग रद्दीत जाऊ नये असे काय असते?

धोका याच्या उलट बाजूलाही आहे. यादी न करता सगळे एकगठ्ठा काढून टाकले, तर दुर्मीळ ऐवज किलोच्या भावाने जातो. वरून जुनाट आणि फाटके दिसणारे पुस्तकच कधी कधी सर्वात मोलाचे असते.

विशेष लक्ष द्यावे असे प्रकार पुढीलप्रमाणे : एकोणिसाव्या शतकातील आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीची मराठी पुस्तके, बंद पडलेल्या नियतकालिकांचे आणि दिवाळी अंकांचे सलग संच, गावाचा, तालुक्याचा, देवस्थानाचा किंवा संस्थेचा इतिहास सांगणारी छोटी पुस्तके, शाळांच्या आणि संस्थांच्या स्मरणिका, संमेलनांची अध्यक्षीय भाषणे, स्थानिक कवी-लेखकांनी स्वतः छापलेली पुस्तके. कादंबरी दुसऱ्या ग्रंथालयात मिळून जाईल. पण तालुक्याच्या सहकारी बँकेच्या रौप्यमहोत्सवाची स्मरणिका दुसरीकडे मिळेलच असे नाही. उद्या कुणी त्या गावाचा इतिहास लिहायला बसला, तर त्याला नेमकी तीच लागेल.

पुस्तकावरच्या खुणाही मोलाच्या असतात. मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयाच्या ग्रंथालयात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या संग्रहातील पुस्तके आहेत. त्यांनी पुस्तक वाचताना कुठे रेघ ओढली, समासात काय लिहिले, यावर अभ्यासक आजही काम करतात. प्रत्येक घरातल्या पुस्तकाला हे महत्त्व नसते, हे उघड आहे. तरीही एखादा शिक्षक, डॉक्टर, कार्यकर्ता किंवा शाहीर यांच्या पुस्तकांतील टिपणे, पत्रे, चिठ्ठ्या काढून टाकण्यापूर्वी जाणकाराला दाखवायला हव्यात.

पोथ्या, मोडीतील कागदपत्रे आणि हस्तलिखिते यांचा मार्ग वेगळा. ७५ वर्षांहून जुने आणि ऐतिहासिक वा वाङ्मयीन मोल असलेले हस्तलिखित १९७२ च्या पुरावस्तू कायद्याच्या कक्षेत येऊ शकते. असा ऐवज खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. गावातल्या वाचनालयाकडे तो जपण्याची सोय नसेल, तर त्याने तो मोहापायी ठेवून न घेता संशोधन संस्थेचा किंवा पुराभिलेखागाराचा रस्ता दाखवणे उचित. फाटलेल्या पानांना चिकटपट्टी मात्र कुणीही लावू नये. काही वर्षांनी तिचा गोंद कागदात मुरतो, डाग पडतो आणि पान तिथेच तुटते.

देणगी देताना अटी घालता येतात का?

‘वडिलांच्या नावाने वेगळे कपाट करा’, ‘संग्रह फोडू नका’, ‘पुस्तके घरी देऊ नका, तिथेच वाचायला द्या’, अशा अटी अनेकदा येतात. त्यामागची भावना समजण्यासारखी असली, तरी प्रत्येक अटीची किंमत असते. वेगळे कपाट केले की एकाच विषयाची पुस्तके दोन ठिकाणी विखुरतात आणि वाचकाला ती सापडत नाहीत. असे दहा देणगीदार झाले, की ग्रंथालयात विषयांची मांडणी उरत नाही, नावांची उरते.

म्हणून अनेक ग्रंथालये मधला मार्ग काढतात. पुस्तके विषयानुसार लावली जातात आणि प्रत्येक पुस्तकाच्या आतल्या पानावर ‘अमुक यांच्या स्मरणार्थ’ अशी चिठ्ठी लावली जाते. संगणकीय सूचीत देणगीदाराचे नाव नोंदले, तर त्या नावाने शोध घेऊन संपूर्ण संग्रह पडद्यावर एकत्र पाहता येतो. नाव राहते आणि वाचकाची सोयही होते.

कायद्याच्या दृष्टीने पुस्तक ही जंगम वस्तू आहे. ती राजीखुशीने दिली आणि समोरच्याने स्वीकारली की दान पूर्ण होते, त्यासाठी नोंदणीकृत दस्त लागत नाही. जागा किंवा इमारत दान करायची असेल, तर मात्र नोंदणीकृत बक्षीसपत्र आवश्यक असते. पूर्ण झालेले दान नंतर मन बदलले म्हणून परत मागता येत नाही. त्यामुळे ज्या अटी असतील त्या आधीच कागदावर हव्यात. नको असलेल्या प्रतींचे काय करायचे, हे तर त्यात स्पष्ट असायलाच हवे. ग्रंथालयाने त्या शाळेला द्याव्यात, विकून पैसा ग्रंथखरेदीला वापरावा की देणाऱ्याला परत कराव्यात?

वाद बहुतेक वेळा याच मुद्द्यावरून होतात. वडिलांची सही असलेले पुस्तक सहा महिन्यांनी पदपथावर विक्रीला दिसले, तर घरच्यांना होणारे दुःख कोणत्याही नियमाने भरून येत नाही. घेतानाच ‘यातली निम्मी पुस्तके आम्ही पुढे देऊ’ असे ग्रंथालयाने सांगितले असते, तर घरच्यांनी तेव्हाच दुसरा विचार केला असता.

पुस्तकांऐवजी पैसे दिले तर?

बहुतेक ग्रंथालयांना हेच अधिक उपयोगी पडते. कारण वाचक काय मागतात, हे ग्रंथपालाला ठाऊक असते. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानने २००९ मध्ये सुरू केलेला ‘ग्रंथ तुमच्या दारी’ हा उपक्रम याच विचारावर उभा आहे. देणगीदार ग्रंथपेटीसाठी पैसे देतो, त्यातून निवडक पुस्तके घेतली जातात आणि पेट्या वाचकगटांत फिरत राहतात. हा उपक्रम परदेशातील मराठी वाचकांपर्यंतही पोहोचला.

पैशांच्या देणगीचे तीन प्रकार दिसतात. पहिला, चालू खर्चासाठी. दुसरा, ठरावीक कामासाठी, उदाहरणार्थ बालविभागाची पुस्तके, अभ्यासिकेतील पंखे किंवा संगणक. तिसरा, कायम निधी. यात मूळ रक्कम बँकेत ठेव म्हणून राहते आणि व्याजातून व्याख्यान, पुरस्कार किंवा ग्रंथखरेदी होते. व्याजदर उतरले की जुन्या ठेवींतून ठरलेला कार्यक्रमही भागत नाही, ही अनेक संस्थांची आजची अडचण आहे. म्हणून कायम निधी देताना ‘व्याज अपुरे पडल्यास कार्यक्रमाचे स्वरूप बदलण्याची संस्थेला मुभा’ असे वाक्य करारात असलेले बरे.

या बाबतीत अँड्र्यू कार्नेगी यांचे उदाहरण जगभर दिले जाते. पोलाद उद्योगातून श्रीमंत झालेल्या कार्नेगी यांच्या पैशातून १८८३ ते १९२९ या काळात अडीच हजारांहून अधिक ग्रंथालये उभी राहिली. त्यातली बहुसंख्य अमेरिकेत. इमारतीसाठी पैसे देताना त्यांची अट असे, की जागा गावाने द्यायची आणि देणगीच्या दहा टक्के इतकी रक्कम दरवर्षी ग्रंथालय चालवण्यासाठी गावानेच उभी करायची. नुसती वास्तू देऊन ग्रंथालय चालत नाही, हे त्यांनी ओळखले होते. पुस्तकांच्या देणगीलाही हाच न्याय लागू होतो. हजार पुस्तकांबरोबर दोन कपाटांचे आणि बांधणीचे पैसे देणारा देणगीदार ग्रंथपालाला देवासारखा वाटतो, तो यामुळेच.

करसवलत मिळते का?

पुस्तकांच्या स्वरूपातील देणगीवर मिळत नाही. ‘८०-जी’ या नावाने परिचित असलेली आयकर सवलत पैशांच्या देणगीलाच आहे. त्यातही ग्रंथालयाकडे त्यासाठीची आयकर विभागाची मान्यता असायला हवी आणि करदात्याने जुनी करप्रणाली निवडलेली हवी. दोन हजार रुपयांहून अधिक देणगी रोखीत दिली, तर सवलत मिळत नाही. त्यामुळे धनादेश, यूपीआय किंवा बँकेमार्फतच पैसे द्यावेत आणि पावतीबरोबर देणगीचे प्रमाणपत्रही मागून घ्यावे.

परदेशात राहणाऱ्या मराठी मंडळींनी एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या व्यक्तीची देणगी, ती व्यक्ती मूळची इथलीच असली तरी, परकीय अंशदान ठरते. ती स्वीकारण्यासाठी ग्रंथालयाकडे २०१० च्या परकीय अंशदान नियमन कायद्याखालील नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी भारतीयाने स्वतःच्या बचतीतून दिलेल्या देणगीला ही अट लागू नाही. गावच्या वाचनालयाला मदत करण्याच्या उत्साहात हा फरक सुटला, तर अडचणीत वाचनालय येते.

देणाऱ्याने नेमके काय करावे?

पहिली गोष्ट, घर रिकामे करण्याच्या आदल्या दिवशी फोन करू नये. किमान दोन-तीन महिने हाताशी ठेवावेत. मोबाइलवर प्रत्येक फळीचा स्पष्ट फोटो काढला, पुस्तकांच्या पाठी वाचता आल्या, तरी निम्मे काम होते. शक्य असेल तर लेखक, शीर्षक आणि प्रकाशन वर्ष अशी यादी करावी.

दुसरी गोष्ट, सगळी पुस्तके एकाच ठिकाणी जावीत हा आग्रह सोडावा. कादंबऱ्या आणि कथासंग्रह गावच्या वाचनालयाला, बालसाहित्य शाळेला, विषयाची जाड पुस्तके महाविद्यालयाला, जुनी नियतकालिके संशोधन संस्थेला, असे चार वाटे केले तर प्रत्येक पुस्तकाला वाचक मिळण्याची शक्यता वाढते. घरच्या माणसांनी आठवण म्हणून काही पुस्तके ठेवून घ्यावीत. ती निवड ग्रंथपालावर सोपवू नये.

तिसरी, पानांमध्ये ठेवलेले कागद तपासावेत. जुन्या पुस्तकांत नोटा, ठेवींच्या पावत्या, खासगी पत्रे निघणे नवे नाही. चौथी, पोच घ्यावी. पाचवी, ‘नाही’ हे उत्तर मनाला लावून घेऊ नये. जे पुस्तक आपल्याला नको झाले आहे, ते दुसऱ्याला हवेच असेल असे नाही, हे मान्य करणे जड जाते. पण अनेकदा नकाराचे कारण एवढेच असते.

आणि ग्रंथालयाने?

ग्रंथालयाची जबाबदारीही कमी नाही. तोंडी नकारामुळे माणसे दुखावतात. देणगी स्वीकारण्याचे धोरण लिहून काढले, कार्यकारी मंडळात मंजूर केले आणि एका पानावर दारात व व्हॉट्सॲपवर उपलब्ध केले, तर निम्मे गैरसमज टळतात. काय घेतो, काय घेत नाही, छाननीला किती दिवस लागतात आणि न ठेवलेल्या पुस्तकांचे काय होते, एवढी चार उत्तरे त्यात पुरेशी आहेत. त्याच पानावर सध्या हव्या असलेल्या पुस्तकांची यादी दिली, तर वाढदिवसाला किंवा पुण्यस्मरणाला पुस्तक देऊ इच्छिणाऱ्याला नेमकी दिशा मिळते.

नकार देतानाही पुढचा रस्ता दाखवता येतो. तालुक्यातील वाचनालयांनी आपापसांत यादी फिरवली, तर एकाकडे जास्तीचे असलेले पुस्तक दुसऱ्याकडे नसते, हे लगेच कळेल. ई-ग्रंथालय या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या प्रणालीसारखी साधने त्यासाठी हाताशी आहेत.

शहरांतली जुनी घरे पुढची काही वर्षे अशीच रिकामी होत राहणार. गेल्या शतकात मराठी मध्यमवर्गाने पै-पै साठवून घेतलेली पुस्तके या काळात बाहेर पडतील. त्यातले बरेचसे पुन्हा छापलेले आहे, सहज मिळणारे आहे. पण त्याच गठ्ठ्यात एखादी अशी स्मरणिका किंवा नियतकालिकाचा असा अंक असेल, ज्याची दुसरी प्रत कुठेच उरलेली नसेल. ती ओळखायची, तर देणाऱ्याने यादी करण्याइतका आणि घेणाऱ्याने ती वाचण्याइतका वेळ काढायला हवा. ‘आधी यादी पाठवा’ या उत्तराचा अर्थ एवढाच आहे.